हँडल मारणाऱ्यांची विद्या

वाफेच्या इंजिनाला आरंभासाठी परक्या हाताची गरज लागत नाही. बाष्पकात दाब तयार आहे आणि झडप उघडली आहे, एवढे झाले की थांबलेला दट्ट्या निघतो, आणि म्हणूनच आगगाडीचे इंजिन स्थानकातून डबे ओढू लागते तेव्हा त्याचा सारा जोर पहिल्याच क्षणी प्रकट होतो. मोटारीच्या इंजिनाची प्रकृती याच्या अगदी उलट आहे. निकोलाउस ओटो या जर्मन यंत्रज्ञाने १८७६ साली जे चार-स्ट्रोकी इंजिन सिद्ध केले, त्यात हवा आणि इंधन यांचे मिश्रण आत ओढणे, ते दाबणे, ते पेटवणे आणि जळालेला धूर बाहेर टाकणे असे चार व्यापार क्रमाने घडतात; या चारांत शक्ती देणारा व्यापार एकच, तो तिसरा, आणि त्याच्या आधीचे दोन पार पाडण्यासाठी लागणारी शक्ती कोठून तरी उसनी आणावीच लागते. इंजिन चालू असेपर्यंत ही उसनवारी फ्लायव्हील या जड चाकाच्या वेगातून परस्पर भागते. इंजिन थांबले की ते खाते रिकामे होते, आणि बाहेरच्या कोणी पहिली रक्कम भरल्याखेरीज व्यवहार पुन्हा सुरू होत नाही.

मोटारीच्या इतिहासाच्या आरंभीच्या दशकांत ही रक्कम माणसाच्या दंडाने भरली. कार्ल बेन्झच्या १८८६ च्या तीनचाकीत मागच्या अंगाला आडवे बसवलेले मोठे फ्लायव्हील हातांनी गरकन फिरवावे लागे. १८८८ च्या ऑगस्टात त्याची पत्नी बेर्था आपल्या दोन मुलग्यांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्त्सहाइमला तशाच गाडीने गेली, आणि तो प्रवास लांब पल्ल्याचा पहिला मोटारप्रवास म्हणून सर्वत्र नोंदला गेला आहे. परंतु त्या शंभराहून अधिक किलोमीटरांच्या वाटेवर इंजिन जेथे जेथे थांबले तेथे तेथे ते चक्र कोणाच्या तरी हातांनी पुन्हा फिरवले असणार, याचा उल्लेख त्या वर्णनांत सहसा आढळत नाही. यंत्राच्या इतिहासलेखनातली ही उणीव जुनी आहे. गाडी कोणी बनवली, कोणी विकत घेतली, कोणी हाकली, याचे दाखले मिळतात. ती रोज पहाटे कोणी चालू केली, याचे मिळत नाहीत. आपल्या मुलखातही तेच झाले, आणि या लेखाचे प्रयोजन तेवढेच आहे की हँडल मारणे, म्हणजे दांड्याने इंजिन हाताने फिरवून चालू करणे, ही एक विद्या होती, ती जाणणारी माणसे होती, आणि त्यांपैकी काही अद्याप आपल्यात आहेत, हे वाचकांच्या नजरेस आणावे.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, जेथे ओतकामाचे आणि ऑईल इंजिनांच्या सुट्या भागांचे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, तेथील एका गॅरेजात हे काम मला जवळून पाहता आले. गाडी म्हणजे पेट्रोलवरची एक जुनी जीप, युद्धकाळातल्या विलीज जीपच्या वंशातली. इंजिन चार सिलिंडरांचे, १३४ घनइंचांचे, म्हणजे सुमारे २.२ लिटरचे. बॅटरी पार उतरलेली होती. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी विजेची मोटर, मारला की तो कण्हल्यासारखा आवाज करून थांबे. तथापि सेल्फला शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह लागतो, तर ठिणगी पाडणाऱ्या कॉइलचे काम तीन-चार अँपिअरांवर भागते. त्यामुळे सेल्फला नकार देणारी बॅटरी कॉइलला मात्र पुष्कळ वेळा पुरी पडते. जुन्या गाड्यांत हँडलाची सोय ठेवलेली असे तिचे मर्म हेच होते. सेल्फने ओढून घेतलेली वीज हाताने वाचवली की ठिणगी चांगली जोरदार पडते.

मिस्त्री सत्तरी ओलांडलेले, अंगाने सडपातळ. त्यांनी सीटखालून हँडल काढले. दोन ठिकाणी काटकोनात वाकवलेली लोखंडी सळई, एका टोकाला आरपार ठोकलेली आडवी पिन, आणि दुसऱ्या टोकाला मुठीवर सैल फिरणारी नळी. त्या नळीचा रंग कधीच गेलेला, आणि जेथे बोटे पडतात तेथे लोखंड आरशासारखे गुळगुळीत झालेले. समोरच्या जाळीच्या खालच्या भोकातून ते आत सारले की पिन क्रँकशाफ्टच्या तोंडावरच्या नटाच्या दातांत बसते. हे दात मुद्दाम एका बाजूने तिरके कापलेले असतात. माणूस फिरवतो तेव्हा पिन दातांच्या सरळ बाजूला अडकून इंजिनाला ओढते; इंजिन स्वतःच्या बळाने धावू लागले म्हणजे त्याचा वेग हातापेक्षा अधिक होतो, दातांची तिरकी बाजू पिनेला मागे ढकलते आणि हँडल आपोआप सुटे होते. एवढ्याशा नटात केवढी समज ओतलेली आहे! मानवी हात यंत्राला जेथवर हवा तेथवरच यंत्राने धरावा, आणि गरज सरताच स्वतः होऊन सोडावा, अशी तजवीज करणाऱ्या त्या अनाम कारागिराला माझा मनापासून नमस्कार आहे.

गिअर न्यूट्रलला आहे याची मिस्त्रींनी दोनदा खात्री केली, हँडब्रेक ओढला, पुढच्या चाकाला दगड लावला. मग डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडून रोटर पहिल्या सिलिंडरच्या खुणेपाशी यायच्या बेताला आणला आणि हाताखाली शिकणाऱ्या पोराला हाक मारली.

“ये बाळ, हात लाव बघू. बटण बंदच हाय, भ्यायचं कारण न्हाई. कितव्याला मऊ लागतंय सांग.”

पोराने हँडल सावकाश फिरवले. चार सिलिंडरांच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक दट्ट्या दाबाच्या टोकाशी येतो, आणि त्या जागी हाताला स्पष्ट अटकाव जाणवतो. क्षणभर अडवून मग तो जोर निसटतो. पोरगा मनात मोजत होता. दोन फेरे पुरे करून तो म्हणाला, “तिसऱ्याला.” मिस्त्रींनी स्वतः एकदा फिरवून पाहिले आणि मान हलवली. विलीजच्या इंजिनाचा पेटण्याचा क्रम १-३-४-२. म्हणजे मोजणीतला तिसरा तो रांगेतला चौथा. त्यांनी बाजूचे झाकण खोलून चौथ्याच्या धुराच्या व्हॉल्व्हखाली पाती घालून पाहिली, तर ती आत जाईना. टॅपेटशी जी फट राहायला हवी ती उरलीच नव्हती, व्हॉल्व्ह पुरता बसत नव्हता आणि दाब तेथून गळत होता. दाब मोजायचे घड्याळ भिंतीवर टांगलेले होते. ते नंतर लावले. त्याने पोराच्या हाताचेच म्हणणे खरे केले.

माझ्या मते हँडलाच्या विद्येचे सार या घटकाभरात आले. सेल्फचे बटण दाबणाऱ्याला इंजिन चालू झाले की नाही एवढेच कळते. हँडल मारणाऱ्याला प्रत्येक सिलिंडरची प्रकृती, तेलाचा दाटपणा, रिंगांची झीज, व्हॉल्व्हची बैठक, हे सर्व रोज सकाळी, विचारल्यावाचून, मनगटातून समजत असे. आणि एखाद्या दिवशी अटकाव कालच्याहून कमी लागला तर गाडी घाटात बंद पडण्याच्या आठवडाभर आधी त्याला ते ठाऊक झालेले असे.

फट दुरुस्त झाली. मिस्त्रींनी चोक ओढून, बटण बंद ठेवूनच, दोन-तीन फेरे दिले, म्हणजे पेट्रोलचे मिश्रण सिलिंडरांत पोहोचले. मग बटण चालू केले. यापुढचे शिक्षण त्यांनी पोराला आणि मला एकाच वेळी दिले. “अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. मूठ आवळायची न्हाई, हँडल नुसतं बोटांत अडकवायचं. आन् खाली कधी दाबायचं न्हाई, वरच ओढायचं. खाली दाबताना इंजिन उलटलं, तर आख्खं अंग त्येच्यावर असतंय.” अटकाव लागेल अशा बेताने त्यांनी हँडल तळाशी आणले, पाय रोवले, आणि एका सपाट्यात वर ओढले. पहिल्या खेपेस एक उसासा ऐकू आला. दुसऱ्या खेपेस इंजिन लागले.

इंजिन उलटते म्हणजे काय, हे समजल्याशिवाय अंगठ्याच्या त्या नियमाचे गांभीर्य कळणार नाही. मिश्रण पेटायला थोडा अवधी लागतो. म्हणून वेगाने चालणाऱ्या इंजिनात दट्ट्या माथ्याला पोहोचण्याच्या जरा आधीच ठिणगी पाडावी लागते, म्हणजे पूर्ण भडका उडेपर्यंत दट्ट्या माथा ओलांडून खाली निघालेला असतो. हाताने फिरवताना मात्र इंजिनाचा वेग इतका मंद असतो की तीच लवकरची ठिणगी दट्ट्या वर चढत असतानाच त्याला गाठते, आणि स्फोटाचा सारा जोर त्याला मागे लोटतो. तो जोर पुढच्याच क्षणी हँडलावाटे मनगटात येतो. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने तयार झालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत म्हणून स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला ठिणगीची वेळ मागेपुढे करणारा एक दांडा असे, आणि हँडल मारण्यापूर्वी तो वर, म्हणजे उशिराच्या ठिणगीवर, नेणे हा पहिला नियम होता. दुसरा नियम, डाव्या हाताने वर ओढावे, म्हणजे उलटणारे हँडल बोटे उघडून निसटून जाईल. या नियमांचा ज्यांना विसर पडला त्यांच्या दुखण्याने वैद्यकात कायमचे स्थान मिळवले: मनगटाशी अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे टोक तुटण्याच्या एका प्रकाराला शल्यचिकित्सेच्या ग्रंथांत अद्यापही ‘शोफरचे फ्रॅक्चर’ असेच म्हणतात. मॉडेल टीची आणखी एक खोड होती. थंडीत तिच्या गिअरपेटीतले तेल इतके घट्ट होई की न्यूट्रलला असतानाही गाडी पुढे सरके आणि हँडल मारणाऱ्याला भिंतीशी दाबी; थंड प्रदेशातले लोक त्यासाठी मागचे एक चाक जॅकवर उचलून ठेवीत.

या कष्टांतून सुटका करणारा मनुष्य चार्ल्स केटरिंग. अमेरिकेतल्या डेटन शहरी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत असताना त्याने दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती, आणि तेथेच त्याला एक गोष्ट उमगली होती: जी मोटर दिवसभर चालायची नाही, क्षणभरच ओढायची आहे, तिच्यावर तिच्या नेहमीच्या कुवतीच्या कितीतरी पट भार टाकता येतो, कारण ती तापायच्या आत काम संपलेले असते. मोटारीचे इंजिन फिरवायला इंजिनाएवढीच मोठी विजेची मोटर लागेल, असा तज्ज्ञांचा तोवरचा समज होता. तो या एका निरीक्षणाने निकालात निघाला. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत केटरिंगचा सेल्फ स्टार्टर प्रथम बसला. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांचे स्नेही बायरन कार्टर हे हँडलाच्या तडाख्याने जखमी होऊन पुढे वारले, आणि त्या दुःखातून लेलँड यांनी हा ध्यास घेतला, अशी हकीकत मोटारीच्या इतिहासांत सांगितली जाते. मॉडेल टीला मात्र सेल्फ १९१९ साली मिळाला. तोपर्यंत हँडलाची दगदग नको असलेल्यांसाठी विजेवर चालणाऱ्या मोटारी होत्या, आणि खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा यादेखील डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाची विजेची गाडी वापरीत.

सेल्फ आला म्हणून हँडल गेले, असे मात्र झाले नाही. निदान आपल्याकडे तरी अर्धशतकाहून अधिक काळ दोन्ही एकाच गाडीत नांदले. कारणे साधी होती. सहा व्होल्टची बॅटरी, मंद वेगात वीज न देणारा डायनामो, जुन्या बॅटरीवरच वर्ष काढण्याची मालकाची गरज, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर बॅटरी भरून देणारे दुकान नसलेला मुलूख. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा तर उतारू नेणाऱ्या पुष्कळ खासगी सर्व्हिस मोटारी लाकडी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या. गाडीला जोडलेल्या उभ्या भट्टीत पहाटे निखारे पेटवायचे, हाताचा पंखा फिरवून गॅस धरायचा, आणि मग पुढे येऊन हँडल मारायचे, असे दुहेरी काम एकाच इसमाच्या वाट्याला येई. तो इसम म्हणजे क्लीनर.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात मी अशा एका वृद्ध गृहस्थांना भेटलो. गाव त्यांना आण्णा म्हणते. पन्नासच्या दशकाच्या मध्याला ते मिसरूड फुटण्याच्या वयात मालमोटारीवर लागले आणि पुढे चालक म्हणून निवृत्त झाले. “हँडल मारता येतं का, एवढंच मालकानं विचारलं. नाव मागनं विचारलं,” असे ते म्हणाले. पहाटे रेडिएटरमध्ये ऊन पाणी घालणे, थंडीच्या दिवसांत प्लग काढून चुलीवर शेकून परत लावणे, मुक्कामाला गाडी शक्यतो उतारावरच उभी करायला चालकाला सांगणे, खंबाटकी घाटात गाडी बंद पडली तर आधी मागच्या चाकांना दगड आणि मगच हँडल, हा सारा शिरस्ता त्यांनी मला तपशीलवार सांगितला. सांगताना त्यांचा उजवा हात नकळत ओढण्याच्या आविर्भावात वर येई. त्या हाताच्या मनगटाशी हाड किंचित पुढे आलेले आहे. एका सकाळी इंजिन उलटले, हाडवैद्याने पट्टी बांधली, आणि पगार बुडू नये म्हणून महिना भरायच्या आत ते पुन्हा डाव्या हाताने हँडल मारू लागले. भरपाई मागितली होती का, असे मी विचारले. “मागायची असती हे कुणाला ठावं होतं?” कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा, परंतु दंड फिरवणाऱ्या त्या पोराचे नाव कोणाच्या हजेरीपटावर असेल तरच कायद्याचा हात त्याच्यापर्यंत पोहोचणार. क्लीनर हा शब्द मोटार वाहतूक कामगारांच्या व्याख्येत स्पष्टपणे आला तो १९६१ च्या अधिनियमात.

चालकाला परवाना होता, बिल्ला होता, वाहकाला होता, क्लीनरला काहीच नव्हते. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला निघालेल्या राज्य परिवहनाच्या पहिल्या बेडफर्ड बसचे चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे ही नावे महाराष्ट्राने जतन केली आहेत, आणि ते योग्यच झाले. त्याआधीच्या दोन-तीन दशकांत खासगी सर्व्हिस मोटारींनी तालुक्याची गावे एकमेकांना जोडली, त्यांच्यावरच्या क्लीनरांपैकी एकाचेही नाव आज सांगता येणार नाही. तरीही मोटारविद्येची खरी शाळा तीच होती. क्लीनर हँडल मारता मारता इंजिन ओळखू लागे, ओळखू लागला की चालक त्याला मोकळ्या रस्त्यावर चाक धरू देई, आणि अशाच मार्गाने पुढल्या पिढीचे चालक, मिस्त्री आणि गॅरेजवाले तयार झाले. तंत्रनिकेतनाचे तोंड न पाहिलेल्या हजारो मुलांना या एका लोखंडी दांड्याने यंत्रशास्त्राची दीक्षा दिली.

विहिरीवरच्या ऑईल इंजिनाने हीच दीक्षा शेतकऱ्याला दिली. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स १९४६ साली पुण्यात स्थापन झाली, आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रात विहिरी-विहिरींवर डिझेलची इंजिने धडधडू लागली. डिझेलमध्ये ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की तिच्याच उष्णतेने तेल पेटावे, आणि तो दाब साध्या दंडाच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून वर एक लहानसा खटका असतो. तो उचलून धरला की व्हॉल्व्ह उघडा राहतो, दाब होतच नाही आणि हँडल हलके फिरते. जड फ्लायव्हीलला पुरेसा वेग आला की खटका सोडायचा, आणि साठलेला वेग पहिला दाब पार करून नेतो. डावा हात खटक्यावर, उजवा हँडलावर, आणि कान फ्लायव्हीलच्या घोंगावण्याकडे: नेमका कोणता क्षण धरायचा हे शेतकऱ्यांच्या बायका आणि पोरेही अचूक जाणत.

मोटारीतून हँडल गेले ते कोणाच्या फर्मानाने नव्हे. बारा व्होल्टची बॅटरी आणि अल्टरनेटर आल्यावर त्याची गरज कमी झाली, हे एक. निर्णायक कारण इंजिनाच्या मांडणीत आहे. जुन्या ॲम्बॅसडरमध्ये क्रँकशाफ्टचे तोंड सरळ पुढे, जाळीकडे असे. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुतीत इंजिन आडवे बसले, त्याचे तोंड चाकाकडे वळले, आणि समोरून हँडल घालायला जागाच उरली नाही. पुढे इंधन फवारणे आणि ठिणगी पाडणे ही दोन्ही कामे विजेच्या यंत्रणेकडे गेली, तेव्हा बॅटरी मेल्यावर दंडाने इंजिन कितीही फिरवले तरी व्यर्थ, अशी स्थिती आली. या बदलाने प्राण वाचले आहेत, मनगटे वाचली आहेत, आणि गाडी एकट्याने चालवणे सर्वांना सुलभ झाले आहे. तो काळ परत यावा अशी इच्छा आण्णांनाही नाही आणि मलाही नाही. परंतु ज्या विद्येवर एका प्रांताची वाहतूक उभी होती तिचा दाखला कोणत्याच दप्तरात नसावा, हे मला मान्य होत नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. आपल्या घरात, आळीत, गावात जुन्या सर्व्हिस मोटारींवर, मालमोटारींवर किंवा एस.टी.त काम केलेले कोणी वृद्ध असतील, तर त्यांच्यापाशी बसावे आणि त्यांची हकीकत त्यांच्याच शब्दांत लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून घ्यावी: गाडी कोणत्या बनावटीची, मार्ग कोणता, पगार किती, हँडल मारायला कोणी शिकवले, आणि ते क्लीनर असताना त्यांना हाक कोणत्या नावाने मारीत. अशा नोंदींची एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात ठेवावी. आणि ज्यांच्याकडे जुनी जीप वा ॲम्बॅसडर आहे, त्यांनी ती विकताना सीटखालचे हँडल भंगारात वेगळे घालू नये. ते गाडीबरोबरच द्यावे, आणि ते कसे धरायचे हे घेणाऱ्याला दाखवूनही द्यावे.